दस्तगीर मिस्त्रीची दाढी

माजलगाव,
८ ऑक्टोबर २००१

मकसूदशेठ,

तू पाठवलेला प्रिंटर पोचला. औरंगाबाद ते माजलगाव एसटीच्या टपावर कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून आला, तरी त्याचा एक स्क्रू ढिला झालेला नाही. तुझ्या मालकानं हा भंगारात काढला होता यावर माझा विश्वास बसत नाही. सहा खण, सहा रंग, आणि कागद पोटात ओढताना असा कण्हतो की स्टुडिओच्या बाकावर बसलेलं गिऱ्हाईक उठून उभं राहतं.

आप्पांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली. मोतीबिंदूमुळे आता त्यांना माणूस आणि खांब यांतला फरक आवाजावरूनच कळतो, पण तपासणी सोडत नाहीत. सगळीकडून हात फिरवला आणि विचारलं, "ह्याला ब्रश कुठाय?" मी म्हणालो, ब्रश नाही, ह्यात शाई आपोआप उडते. "उडू दे," म्हणाले, "आमी चाळीस साल काळ्यापांढऱ्या फोटोत हातानं रंग भरले. गालाला गुलाबी, लुगड्याला हिरवा. आमचा कदी उडाला न्हाई." डोळ्यांचं ऑपरेशन करा म्हटलं की म्हणतात, डोळे उघडून नवं काय बघायचंय, पोटच्या पोराचं थोबाडच ना.

फोटोचा खास कागद इथं मिळत नाही, म्हणून हाताला येईल ते मी ह्याच्या तोंडात घालतो आहे. साखर कारखान्याच्या पोत्याचं कापड गेलं नाही. मांजरपाट पुठ्ठ्याला चिकटवून घातलं, ते गेलं. सगळ्यांत मोठी बातमी म्हणजे पापड. कारखान्यातल्या भारत क्लार्कच्या बहिणीचं लग्न होतं. रुखवतात ठेवायला मी उडदाच्या पापडावर नवरानवरीची नावं छापून दिली. वाळलेला पापड आत कुर्रर्र करून मरतो, पण अर्धवट ओला असला की सुखरूप बाहेर येतो. शाई पोटात जाऊ नये म्हणून बद्रीनाथ हलवायाकडून पाकात कालवलेला जिलेबीचा रंग आणून सुईनं पिवळ्या खणात भरला. नवऱ्या मुलाच्या आईनं विचारलं, पापडावर इतकं सुरेख अक्षर कुणाचं? मी लाजलो.

फक्त आता प्रिंटरला मुंग्या लागल्या आहेत. रोज सकाळी एक रांग पिवळ्या खणाकडे जाते आणि फोटोत ठिपक्यांच्या रूपानं परत येते. यावर उपाय कळव.

तुझ्या अम्मी, आमच्या अजमतबी खाला, मजेत आहेत. तुझी पत्रं त्यांना मीच वाचून दाखवतो, शिव्या गाळून.

तुझा,
श्रीशैल

औरंगाबाद,
१६ ऑक्टोबर २००१

श्रीशैल,

तुझं पत्र मी दुकानात मोठ्यानं वाचलं. तीन कारागीर हसून खाली बसले आणि मालक म्हणाले, या माणसाला पुन्हा काही पाठवू नका.

बे, शाई उडवणाऱ्या त्या हेडची भोकं केसाहून बारीक असतात. त्यात तू साखर घातलीस? आधी पिवळा खण काढून फेक. कोमट पाण्यात चिंधी भिजवून हेड रात्रभर त्यावर टेकवून ठेव. मग मी डब्यातून पाठवतोय ती शाई भर. ती घट्ट वाटली तरी तीत पाणी घालायचं नाही, अत्तर घालायचं नाही, काही म्हणजे काही घालायचं नाही. तुला मी पहिलीपासून ओळखतो म्हणून तीनदा लिहिलं.

आता माझी बातमी. मी नोकरी सोडतोय. पैठण गेटजवळ एक गाळा घेतला. प्रिंटर दुरुस्ती आणि शाई भरणं. ईदनंतरच्या शुक्रवारी, २१ डिसेंबरला शटर उघडायचं. आणि त्या दिवशी भिंतीवर एकच गोष्ट लावायची आहे, अब्बांचा फोटो. मोठा करून.

मी दोन वर्षांचा होतो तेव्हा अब्बा गेले, हे तुला माहीत आहे. धरणाच्या कामावरचे डंपर दुरुस्त करायचे, तापानं गेले. त्यांचा आवाज, चाल, वास, काहीसुद्धा माझ्याजवळ नाही. जो काही बाप मला मिळाला तो आमच्या भिंतीवरच्या त्या एका फोटोत मिळाला. त्यालाच सलाम करून मी शाळेत जायचो. आजसुद्धा न्हाव्याकडे बसलो की दाढीला तोच आकार सांगतो, कानाजवळ बारीक, हनुवटीवर दाट. तुला हसू येईल. येऊ दे.

अम्मी तो फोटो कधी खाली उतरू देत नाही, म्हणून त्याची दुसरी प्रत कुठंच नाही. तू गोड बोलून घे. बीडला एकाकडे स्कॅनर आहे, पत्ता मागे लिहिलाय. स्कॅन करून सीडी पाठव, मोठा मी इथं करतो. फोटोला तेल, पाणी, जिलेबी काही लागू देऊ नको. तो बिघडला तर माझा बाप दुसऱ्यांदा जाईल, आणि या वेळी मला कळायच्या वयात.

मकसूद

माजलगाव,
२८ ऑक्टोबर २००१

मकसूद,

फोटो माझ्या हातात आहे. खालांना सांगितलं, काचेमागं वाळवी दिसतेय, पुसून देतो. दहा वेळा विचारलं त्यांनी. शेवटी काढून दिला, पण म्हणाल्या, "आदी आप्पाला इचार, मग हात लाव." मी हो म्हणालो. आप्पांना विचारून काय होणार? ते म्हणतील, फोटो त्या मशिनीजवळ नेऊ नको. म्हणून विचारलं नाही.

आता शांतपणे ऐक. बीडला जायची गरज नाही.

फोटोची अवस्था तू बऱ्याच वर्षांत जवळून पाहिलेली नाहीस. आप्पांनी भरलेले रंग फिके पडलेत. खांद्यावरच्या शालीचा हिरवा गेला, ओठ राखेसारखे झालेत. असा फोटो मोठा करून लावलास तर लोक म्हणतील दस्तगीर मिस्त्री आजारी होते. तर मी विचार केला, आप्पा काय करायचे? मूळ फोटोवरच ब्रशनं रंग चढवायचे. मग प्रिंटरनं तेच का करू नये? मूळ फोटोच आत घालायचा. कॉम्प्युटरवर कोऱ्या पानावर फक्त ओठांचा गुलाबी ठिपका आणि शालीचा हिरवा पट्टा काढायचा, बाकी सगळं पांढरं. मशीन बरोबर त्याच जागी रंग टाकणार. मी फूटपट्टीनं मोजलंय. ओठ वरून सव्वासहा सेंटीमीटर, डावीकडून चार.

आधी माझ्या लहानपणीच्या फोटोवर करून पाहिलं. आईनं मला फ्रॉक घालून काढलेला. फ्रॉक अगदी काठोकाठ गुलाबी झाला. आप्पांना दाखवला, त्यांनी डोळ्याशी धरला आणि म्हणाले, "ही कोन पोरगी?" म्हणजे रंग दिसला.

तुझी शाई फार भडक आहे, तिनं अब्बा नाटकातले वाटतील. म्हणून निम्मं गुलाबजल घालून पातळ केली. तू पाणी घालू नको म्हणाला होतास, गुलाबजलाचं काही लिहिलं नव्हतंस.

परवा सकाळी अंघोळ करून करतो.

श्रीशैल

(पोस्टकार्ड)
औरंगाबाद,
२ नोव्हेंबर २००१

थांब. फोटो आत घालू नको. तुझ्या शेजारच्या एसटीडीवाल्याला फोन केला तर तो "बोलावतो" म्हणाला आणि माझ्या मीटरवर झोपी गेला. म्हणून उघड्या कार्डावर लिहितोय, रस्त्यात ज्याच्या हाती लागेल त्यानं वाचावं आणि धावत जाऊन या गाढवाला थांबवावं. गुलाबजलसुद्धा पाणीच असतं.

म.

माजलगाव,
१९ नोव्हेंबर २००१

प्रिय मित्र मकसूद,

दिवाळीच्या शुभेच्छा आणि रमजान मुबारक. तुझं कार्ड लक्ष्मीपूजनाला मिळालं. पोस्टमन शहादेवसकट निम्म्या गल्लीनं वाचलं होतं. फोटो अगदी छान आहे. काळजीचं कारण नाही.

एक धंद्यातला प्रश्न होता. इथं राधाकिशन म्हणून गिऱ्हाईक आहे. त्याच्या आजोबांचा जुना ब्रोमाइड फोटो मी प्रिंटरमध्ये घातला होता. फोटो जाड, त्यामुळे आत जाताना जरा घसरला. ओठ हनुवटीवर छापले गेले. शाई पातळ होती, ती खाली ओघळली. मी घाबरून ओल्या कापसानं पुसायला गेलो. शाई गेली, पण तिच्याबरोबर दाढीही गेली. म्हणजे फोटोतली दाढी. ती रंगवलेली होती! कापूस काळा झाला आणि खाली गुळगुळीत हनुवटी निघाली. मग मी टोपीच्या कडेला कापूस लावून पाहिला, तर टोपीही रंगच. खाली कपाळ, आणि कपाळावर विभूतीचे तीन आडवे पट्टे.

राधाकिशनचे आजोबा दाढीटोपीत कसे, असं विचारू नको.

तर असा रंग परत चढवता येतो का? आणि सहज विचारतो, तुझ्या अब्बांना दाढी होती ना नक्की? कुणी पाहिली होती? खालांचं लग्न कोणत्या साली झालं? तुझी खरी जन्मतारीख काय? शाळेतली मास्तरांनी टाकलेली नको. तुझ्या हनुवटीला खळी आहे का? मी तुला लहानपणी रोज पाहिलं, पण अशी नजर टाकून कधी पाहिलं नाही, आणि पुढं तू दाढी ठेवलीस. आमच्या आप्पांच्या हनुवटीला खळी आहे. असं आपलं सहज.

समजा, आपण मित्रांपेक्षा जवळचे निघालो, तर तुला वाईट वाटेल का? मला वाटणार नाही. फक्त आप्पांशी मी तेव्हापासून बोललेलो नाही. त्यांना वाटतंय माझं पोट बिघडलंय.

तुझा (काय ते नंतर ठरवू),
श्रीशैल

औरंगाबाद,
२५ नोव्हेंबर २००१

अम्मी, अस्सलाम अलैकुम.

हे पत्र तुला नेहमीप्रमाणे श्रीशैलच वाचून दाखवील. वाच बे. मोठ्यानं वाच आणि एक ओळ गाळू नको. मी ईदला आल्यावर अम्मीला विचारणार आहे की तू काय वाचलंस.

अम्मी, आपल्या भिंतीवरचा अब्बांचा फोटो कुठं आहे? श्रीशैल कुणा राधाकिशनच्या आजोबांबद्दल लिहितो. राधाकिशन आमच्याच वर्गात होता. त्याच्या आजोबांनी जन्मात टोपी घातली नाही, आणि वयाच्या पन्नाशीत ते माझ्या देखत रोज दाढी करायचे. त्यामुळे श्रीशैलनं काय केलं ते मला कळलं आहे. पण त्या टोपीखाली विभूती कशी आली ते कळत नाही.

मी दोन रात्री झोपलो नाही. गाळ्याचं काम थांबलंय. मला कुणावर ओरडायचं नाही. फक्त सांग, भिंतीवर कोण होतं?

तुझा,
मकसूद

माजलगाव,
२ डिसेंबर २००१

(खाला सांगतात तसंच लिहितो आहे. एक शब्द बदलला तर पुन्हा चप्पल काढीन म्हणाल्या आहेत. "पुन्हा" हा शब्द ध्यानात घे. – श्रीशैल)

बेटा मकसूद, लई दुवा.

तुजं खत ह्या गाढवानं वाचलं. फोटो कुठाय, तिथवर आला आन घसा खाकरत बसला. म्या म्हनलं, वाच की, रोजा माजा हाय, तुजा घसा कावून सुकला? मग रडला आन सगळं बोलला. (रडलो नाही. डोळ्यात कचरा गेलता.) लिही, रडला.

मग मला इचारतो, खाला, मी आन मकसूद सख्खे भाऊ हाव का? तवा म्या चप्पल काढली. (लागली.)

आता ऐक बेटा. तुज्या अब्बाचा फोटो न्हवताच. जल्मात काढला न्हाई. ते सदा गाडीखाली, त्यांना कोन उबं करनार? ते गेले तवा तू दोन सालचा. पाच सालचा झाला तवा तुजं येड सुरू झालं. मोंढ्याच्या बाजारात कुनी बी ट्रकवाला उतरला की त्याचं बोट धरायचा, घरी चल म्हनायचा. एकदा तर एका सरदारजीला घिऊन आलता. त्यो बिचारा च्या पिऊन, तुज्या हातावर गूळ ठिवून गेला. त्या राती मी लई रडले.

मग आप्पाकडं गेलते. म्हनलं, धरनाचे फोटो तुमीच काढता, एकांद्यात ह्यांचं तोंड असंल. आप्पानं तीन दिस पेट्या धुंडाळल्या. एक फोटो निघाला. सायेब लोक हार घालून उबे, मागं डंपर, आन डंपरखालनं दोन पाय. ते ह्यांचे. मी वळखले, डाव्या पायाचा अंगठा वाकडा व्हता. पर पोराला पाय दावून अब्बा म्हन, कसं सांगू?

आप्पानं त्यो फोटो परत पेटीत ठिवला. मग म्हनले, भाबी, दुसऱ्या कुनाचा फोटो दिला तर उद्या त्यो मानूस बाजारात भेटंल. पोरगं त्याच्या गळ्यात पडंल आन त्यो झटकून दील. माजा घिऊन जा. माज्या गळ्यात पडलं तर पडू दे.

त्यांनी सोताचा लग्नाआदीचा फोटो काढला. कपाळावर टोपी चढवली. हनुवटीची खळी कुनी वळखू न्हाई म्हनून दाढी रंगवली. तुज्या अब्बाला दाढी न्हवती बेटा. बारीक मिशी व्हती, आन तोंडावर देवीचे वण. (मी लिहायचं थांबलो होतो. खाला म्हणतात, "लिही की, थांबला कावून?")

दर साली म्हनायची, औंदा सांगीन. पर तू फोटोला सलाम करायचा आन ताठ चालत साळंत जायचा. बाप असल्यावानी चालायचा. मग कोन्च्या तोंडानं सांगू? म्या खोटं बोलले. तुला राग आला तर माज्यावर धर. आप्पावर धरू नको. त्यांनी कुनालाच सांगितलं न्हाई, घरात बी न्हाई.

तुजी,
अम्मी

(खालांनी अंगठा उठवला आहे. – श्री.)

माजलगाव,
११ डिसेंबर २००१

मकसूद,

नऊ दिवस झाले. शिवी तरी दे बे.

आप्पांना सगळं सांगितलं. मला वाटलं चिडतील. त्यांनी फोटो मागितला, हनुवटीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बावीस साल टिकली दाढी. तुज्या मशिनीचा रंग बावीस दिवस टिकंल का?" मग थोड्या वेळानं विचारलं, "पोरगं काय म्हनलं?" मी म्हणालो, अजून काही आलं नाही.

तेव्हापासून रोज अकरा वाजता दुकानाच्या पायरीवर येऊन बसतात. शहादेवच्या सायकलची घंटा त्यांना मोंढ्याच्या कोपऱ्यापासून ऐकू येते. तो पुढं गेला की आत येतात. काल जेवलेसुद्धा नाहीत. मी विचारलं, तर म्हणाले, "त्यानं मला बाप म्हनून बघितलं, आन मी त्याला फसवलं. आता त्यो माज्या तोंडाकडं बघंल का?"

मी चुकलो. मला वाटलं, आप्पांनी चाळीस वर्षं हातानं केलं ते मी एका सकाळी मशीननं करून दाखवीन. तुझ्यासाठी म्हणत होतो, पण खरं तर आप्पांपुढं मिरवायचं होतं. त्यात तुझं जे एकच होतं ते मी पुसून टाकलं. तू माझ्याशी जन्मभर बोलला नाहीस तरी मी तक्रार करणार नाही. आप्पांना मात्र दोन ओळी लिही. वाईट असल्या तरी चालतील.

प्रिंटर बंद ठेवला आहे. मुंग्या गेल्या.

श्रीशैल

औरंगाबाद,
१५ डिसेंबर २००१

श्रीशैल,

हे पत्र आप्पांना वाचून दाखव, तुझ्या शिव्यांसकट.

अम्मीचं पत्र आलं त्या दिवशी मी इतका चिडलो की गाळ्याचं शटर लाथेनं वाकवलं. आता ते अर्ध्यातच अडकतं. सत्तावीस वर्षांच्या माणसाला एका दुपारी कळतं की तो लिंगायत वाण्याच्या कपाळावर रंगवलेल्या टोपीला सलाम करत होता. तुम्ही तिघांनी मिळून माझ्या बापाची चांगली सर्कस केली. पहिले चार दिवस माझ्या डोक्यात एवढंच होतं.

पाचव्या दिवशी न्हाव्याकडे गेलो. म्हणालो, दाढी काढ, सगळी. त्यानं दोनदा विचारलं, साबण लावला, वस्तरा उचलला आणि मी उठून उभा राहिलो. तोंडाला फेस तसाच, बाहेर आलो. ज्या दाढीचा आकार मी इतकी वर्षं सांगत आलो ती आप्पांनी माझ्यासाठी बसून रंगवलेली होती. खऱ्या बापाला ती उगवली नाही, खोट्यालाही नाही. तिघांत एकट्या मला उगवली. ती मी ठेवणार आहे.

आणि मग मला आठवायला लागलं. चौथीत मला गोवर आला तेव्हा रात्रभर उशाशी कोण बसलं होतं? आयटीआयचा फॉर्म भरायला अंबाजोगाईला माझ्याबरोबर कोण आलं होतं, आणि येताना घाटात तीनदा ओकलं होतं? तुला सायकल घेतली तेव्हा मागं कॅरिअर बसवून घेतलं, "मकसूद बसंल" म्हणून. मला वाटायचं हा माणूस सगळ्यांशीच असा वागतो. तुझ्याशी तर नव्हता वागत. तुला ते नेहमी गाढवच म्हणायचे.

तेव्हा फोटो नको. लोक दुकानात गेलेल्या बापाचा फोटो लावतात, माझा पायरीवर बसून पोस्टमनची वाट बघतोय. ईदला मी येत नाही, त्यांनाच इकडे पाठव. २० तारखेच्या सकाळच्या गाडीनं, अम्मीबरोबर. पुढच्या बाजूला खिडकीशी बसव, त्यांना गाडी लागते. तूही ये, पण माझ्या दुकानातल्या कुठल्याही यंत्राला हात लावायचा नाही. येताना डंपरची ती निगेटिव्ह पेटीतून काढून आण, फक्त आण, तिच्यावर काही छापू नको. वाकडा अंगठा मलाही आहे. अब्बांचे पाय मला बघायचे आहेत.

आप्पा, तुमच्याशी मला तोंडी बोलायचं आहे, म्हणून इथं जास्त लिहीत नाही. तुमच्या तोंडाकडे मी बघीन का, असं तुम्ही विचारलंत. मला तर ते पाठ आहे. प्रश्न तुम्ही माझ्याकडे कसं बघणार हा आहे. म्हणून काल इथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन तुमचं नाव घातलं. सोमवारी, २४ तारखेला ऑपरेशन. नको म्हणायचं नाही.

खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, पेशंटचं नाव? मी म्हणालो, रुद्रप्पा. तुमचं नाव? मकसूद. पेशंट तुमचे कोण? मी म्हणालो, वडील. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि तसंच लिहून घेतलं.

श्रीशैल, त्यांचे कपडे आठ दिवसांचे बांध.

मकसूद